पेशंट स्टेबल आहे

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे चिंच फोडली. फाल्गुनातली सकाळ होती. अंगणात कडुनिंबाखाली पोतं अंथरलं होतं. मी टरफलं काढून देत होतो आणि पंचफुला, माझी बायको, विळीवर चिंचोके काढत होती. मी दिलेल्या चिंचेत टरफलाचे तुकडे राहत होते. दोनतीनदा तिनं ते निवडून बाजूला टाकले, मग म्हणाली, "डोळे गेले काय जी तुमचे? अर्धं टरफल ठेवूनच देऊन राह्यले." मी म्हटलं, तीस वर्षं रस्ता पाहून पाहून डोळे थकले. ती म्हणाली, "रस्ता दिसत होता अन् हातातली चिंच नाई दिसत." दोन पायली चिंच झाली. मीठ लावून गोळे करायचं काम उद्यावर ठेवलं. जेवण केलं, आणि दुपारी तिला धाप लागली.

आमच्या गावच्या शाळेतले एक मास्तर दिवाळीचा अंक काढतात. ते दोन वर्षांपासून माझ्या मागे आहेत की भाऊ, तुम्ही दवाखान्याची गाडी चालवली, एटापल्लीकडच्या जंगलात उमेद घातली, तुमचे अनुभव लिहा. वाघ लिहा, पूर लिहा. मी सातवी शिकलेला माणूस. वाघ मला पुष्कळ दिसले. वाघ रस्ता ओलांडतो आणि जातो, त्यात दोन ओळींच्या वर काही नाही. पुरात गाडी अडकली की पूर उतरेपर्यंत बसायचं, त्यातही काही नाही. मला एका शब्दाबद्दल लिहायचं आहे. शब्द इंग्रजी आहे, पण आता आपल्याकडे शेतात काम करणाऱ्या बाईलाही तो माहीत आहे. स्टेबल. माहीत आहे म्हणतो, पण अर्थ बहुतेकांना उलटाच माहीत आहे. मलाही तसाच होता.

आधी आमचं काम सांगतो. लहान दवाखान्यात जे होत नाही त्यासाठी पेशंटला मोठ्या दवाखान्यात पाठवतात. एटापल्लीहून आलापल्ली, तिथून आष्टी, मग चामोर्शी, मग गडचिरोली. कधी आष्टीवरून वळून चंद्रपूर. आता रस्ते बरे झाले, पण मी लागलो तेव्हा आलापल्लीपर्यंतच कंबर ढिली व्हायची. पेशंट गाडीत चढवला की डॉक्टर नर्सबाईंना कागद द्यायचे आणि मला एक शब्द. कागद इंग्रजीत, मला वाचता येत नव्हता, शब्दावर गाडी चालायची. "लवकर" म्हटलं तर भोंगा लावायचा, गाय असो की एसटी, कुणाला मोजायचं नाही. "स्टेबल आहे" म्हटलं तर भोंगा नाही, खड्डे पाहून, सावकाश. नातेवाईकांना पाणी प्यायला थांबायचं असेल तर थांबायचं. मला हे असंच शिकवलं गेलं होतं, जुन्या ड्रायव्हरकडून. त्यालाही कोणीतरी तसंच शिकवलं असेल.

पहिल्या काही वर्षांत मी त्या शब्दाचा अर्थ "बरा आहे" असा लावत होतो. त्यात माझी एकट्याची चूक नाही. डॉक्टर तो शब्द शांत आवाजात म्हणतात. कपाळाला आठी नसते. ऐकणाऱ्याला वाटतं, संकट टळलं.

एकदा आतल्या एका गावचा माणूस आणला होता. मधाचं पोळं काढायला झाडावर चढला आणि वरून पडला. पोटाला मार होता. रक्त बाहेर कुठेच नाही, बोलत होता, पाणी मागत होता. डॉक्टरांनी सलाइन लावलं, नाडी पाहिली, म्हणाले, स्टेबल आहे, गडचिरोलीला घेऊन जा. सोबत त्याची बायको आणि मोठा भाऊ. भावानं मला विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. मी मोडक्यातोडक्या गोंडीत सांगितलं की बरा आहे, घाबरू नका. तेव्हा तो म्हणाला की मग आमच्या गावावरून घ्या. त्यांची रीत अशी होती की माणूस आजारपणात शिवेबाहेर न्यायचा असेल तर पुजाऱ्यानं तांदळाचे दाणे टाकून देवाला विचारायचं, देवानं हो म्हटलं की न्यायचा. सकाळी घाईघाईत आणताना ते राहून गेलं होतं, आणि ते त्याच्या मनाला खात होतं. गाव रस्त्यापासून थोडंच आत होतं. मी विचार केला, स्टेबल आहे, काय हरकत आहे. गाडी आत घेतली. नर्सबाई नवीन होत्या, त्यांनी माझ्यावर सोडलं. पुजारी शेतातून यायला वेळ लागला. सगळं मिळून पाऊण तास गेला. देवानं हो म्हटलं. गावातल्या बायांनी गाडीला हात लावून निरोप दिला.

आष्टीचा पूल ओलांडला आणि नर्सबाईंनी मागून काच वाजवली. मग मी भोंगा लावला, गाडी जेवढी पळेल तेवढी पळवली. चामोर्शीच्या अलीकडेच तो गेला.

भाऊ उतरल्यावर एवढंच म्हणाला, "देवानं जा म्हटलं होतं, डॉक्टरनं बी बरा आहे म्हटलं होतं. आता कोणाले काय म्हणावं." डॉक्टरनं बरा आहे म्हटलं नव्हतं. बरा आहे हे मी म्हटलं होतं. पण ते तेव्हा त्याला सांगायची माझी छाती झाली नाही. परतीच्या वाटेवर तो माझ्या शेजारी बसला होता, मी त्याला बिडी दिली, त्यानं घेतली.

चार दिवसांनी मी डॉक्टरांना गाठलं. मराठवाड्याकडचे होते, तरुण, चिडके, पण मनाचे साफ. मी सगळं सांगितलं. मला वाटलं शिव्या देतील. ते बाकड्यावर माझ्या शेजारी बसले आणि विचारलं, "तुम्ही घाटात गाडी उभी करता तेव्हा काय करता?"

म्हटलं, चाकाखाली दगड लावतो जी.

"गाडी हलते का मग?"

नाही हलत.

"मग घाट संपला का?"

ते म्हणाले, स्टेबल म्हणजे एवढंच. गाडी आत्ता हलत नाही. नाडी, रक्तदाब, श्वास, जसा दहा मिनिटांपूर्वी होता तसा आत्ता आहे. वर चढला असं नाही, खाली घसरला असंही नाही. आणि हे आत्तापुरतं. तासाभरानंतरचं त्यात काही सांगितलेलं नाही. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी नंतर शेकडो लोकांना सांगितली. लोकांना वाटतं सिरियस आणि स्टेबल हे एकमेकांच्या उलट आहेत, एक असला की दुसरा नसतो. तसं नाही. एकच माणूस एकाच वेळी सिरियसही असतो आणि स्टेबलही असतो. आजार मोठा आहे, पण सध्या जागेवर आहे. मी विचारलं, तो पाऊण तास वाचला असता तर माणूस वाचला असता काय? ते म्हणाले, सांगता येत नाही. त्यांनी हो म्हटलं असतं किंवा नाही म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. सांगता येत नाही हे घेऊन मी पुढची वीस-बावीस वर्षं गाडी चालवली.

तेव्हापासून मी त्या शब्दाचा मास्तर झालो. हसू नका, खरंच झालो. नातेवाईक डॉक्टरांना काही विचारत नाहीत, ड्रायव्हरला विचारतात. ड्रायव्हर आपल्यासारखा चहा पितो, आपल्यासारखा बोलतो. डॉक्टर स्टेबल म्हणून पुढच्या पेशंटकडे गेले की लोक बाहेर येऊन माझ्या गाडीला टेकायचे. कोणी गावाकडे फोन लावायचा की सगळं ठीक आहे, धान कापून घ्या, यायची घाई नाही. मी त्याला फोन ठेवायला सांगायचो. म्हणायचो, भाऊ, आहे तसा आहे. बरा नाही, वाईटही नाही. आत जा आणि डॉक्टरला एकच गोष्ट विचार, घरच्यांना बोलवायचं काय? ते जे म्हणतील तसं कर. वाचणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. शब्द ऐकून घरी जाऊ नये. पुढचा प्रश्न विचारावा. माझ्या सांगण्यावरून कितीतरी लोक वेळेवर पोचले असतील. त्याचा मला अभिमान होता. घरी येऊन मी पंचफुलाला आणि सुजाताला, माझ्या मुलीला, सांगायचो की आज अमक्याला समजावलं. सुजाता लहान होती, तीही मग भाजी करपली की म्हणायची, भाजी स्टेबल आहे, सिरियस आहे.

पण मुलचेऱ्याकडच्या निर्वासितांच्या वसाहतीतल्या एका बंगाली बुढ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय हे एकतर्फी होईल. त्याची बायको पक्षाघातानं पडली होती, मी तिला गडचिरोलीला नेलं. दुसऱ्या दिवशी दुसरा पेशंट घेऊन गेलो तेव्हा बुढा बाहेरच्या बाकड्यावर मिठाईचा पुडा घेऊन बसलेला. येईल त्याला वाटत होता. डॉक्टरांनी स्टेबल म्हटलं होतं. मी पेढा घेतला, खाल्ला, आणि मग त्याला अर्थ सांगितला. बुढ्याचा चेहरा पडला. पुडा बांधून ठेवला. मी म्हटलं, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. त्यानं फोन केले. त्याचा भाऊ तळ्यात मासे धरायला जाळं टाकलेलं सोडून निघाला, मेव्हणे आले, अर्धं गाव मेटाडोरनं आलं. बाया दवाखान्याच्या दारात रडल्या. आणि तिसऱ्या दिवशी बुढी उठून बसली व माशाचं कालवण मागू लागली.

त्यानंतर तो बुढा मला रस्त्यात, बाजारात, कुठेही दिसला की लोकांना बोट दाखवून सांगायचा, "येई ड्रायवरबाबू. इसने मेरी बुढिया को जीते-जी मार दिया था." मग घरी ओढून न्यायचा आणि पोट फुटेस्तोवर खाऊ घालायचा. बुढी वाढायची आणि तीही हसायची. मीही हसायचो. पण घरी येताना वाटायचं, आपण त्या माणसाच्या हातातली मिठाई काढून घेतली होती. खरं सांगणंही दरवेळी फुकटचं नसतं.

आता पंचफुलाचं लिहितो.

तिला चंद्रपूरच्या एका दवाखान्यात भरती केलं. पाय सुजले होते, बोलताना दम लागत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला खिडकीजवळ बोलावलं. माझ्या नातीपेक्षा सातआठ वर्षांनी मोठी असेल, बस. म्हणाली, "बाबा, आज त्या स्टेबल आहेत. पण हृदय फार थकलंय. जवळच्या माणसांना बोलावून घ्या, उशीर करू नका." इतकं सरळ सांगणारे डॉक्टर मी तीस वर्षांत मोजकेच पाहिले. मी जो प्रश्न लोकांना विचारायला लावत होतो, तो मला विचारावाच लागला नाही. तिनं आपण होऊन उत्तर दिलं.

खाली उतरून मी चहाच्या टपरीशी उभा राहिलो आणि तेवढ्यात सुजाताचा फोन आला. ती पुण्याला असते. तिच्या मुलीची बारावीची परीक्षा चालू होती.

"बाबा, डॉक्टर काय म्हणले?"

"स्टेबल आहे म्हणले."

"मग बरं आहे. परवा पोरीचा फिजिक्सचा पेपर आहे, तो झाला की निघू काय? का आजच येऊ?"

"परवाच निंगजो. आरामात ये."

एवढंच बोलणं झालं. मी आजवर त्या बोलण्याची कारणं शोधतो. नातीचा पेपर होता, हे खरं. तो बंगाली बुढा डोळ्यांपुढे आला, हेही खरं. धावत येईल, रडेल, आणि तिसऱ्या दिवशी माय उठून बसेल, मग आपल्यालाच हसेल, असं वाटलं. पण ही दोन्ही कारणं मी नंतर लावली. खरं एवढंच आहे की डॉक्टरीणबाईंचं दुसरं वाक्य मी तोंडानं म्हटलं असतं तर ते मलाही ऐकू आलं असतं. म्हणून मी पहिलं म्हटलं आणि थांबलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुला जरा हुशार वाटली. दोन घोट चहा घेतला. मग म्हणाली, "सुजा येऊन राह्यली काय जी?"

मी म्हटलं, "येऊन राह्यली. गाडीत बसली."

का म्हटलं, ते मला सांगता येत नाही. तिच्या विचारण्यात असं काही होतं की नाही म्हणवलं नाही.

ती म्हणाली, "मंग केस विंचरून द्या. अशी पाहिली त बोलंल मले." आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, मी तिच्या केसांना कधी फणी लावली नव्हती. शेजारच्या खाटेवरच्या बाईची फणी मागून आणली. तिला बसवून धरायला नर्सबाई आल्या. केस पातळ झाले होते, गुंता मात्र होताच. मी हळूहळू सोडवत होतो तर म्हणते, "भांग वाकडा पाडला असन तुमी." मी म्हटलं सरळ आहे. ती म्हणाली, "गाडी सरळ चालवली म्हणे जिंदगीभर. चालवली असन बाप्पा." नर्सबाईंना हसू आलं. तीही थोडी हसली, त्यानंच तिला दम लागला.

त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमाराला ती गेली.

सुजाता आणि जावई विमानानं नागपूरला आले, तिथून गाडी करून दुसऱ्या दिवशी सकाळी गावात पोचले. नातीला पुण्यातच शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं, तिचा पेपर होता. सुजाता आईजवळ बसली ती उठेचना. दुपारी सगळं आटोपलं. भंतेजी आले होते, वंदना झाली. घरी परत आल्यावर माणसं अंगणात बसली, आणि तेव्हा सुजाता बोलायला लागली. ती ओरडली नाही. सारखी एकच गोष्ट म्हणत राहिली. डॉक्टर स्टेबल म्हणाले होते, मग चोवीस तासांत असं कसं झालं. खरं सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी निघाले असते. पेपर गेला असता तर गेला असता. एक अख्खा दिवस होता माझ्याजवळ.

बसलेल्या लोकांपैकी कोणी म्हणालं, हे डॉक्टर असेच, काही सांगत नाहीत. कोणी म्हणालं, नवीन पोट्टे-पोट्ट्या, त्यांना काय समजते. माझा जावई भला माणूस आहे. सुजाताचं दुःख त्याला पाहवत नव्हतं, काहीतरी करायला हवं होतं. त्यानं कागद घेतला आणि दवाखान्याच्या नावानं तक्रार लिहायला बसला. पेशंटची प्रकृती नाजूक असताना नातेवाईकांना चुकीची माहिती दिली, असं त्यात लिहिलं. दोन पानं भरली. सकाळी चंद्रपूरला नेऊन देतो म्हणाला. मला डॉक्टरीणबाईंचं नाव विचारलं. मी म्हटलं, आठवत नाही. आठवत होतं. मग तो म्हणाला, काही हरकत नाही, वॉर्डाचा नंबर टाकतो, ते शोधून काढतील.

मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं बुढा खचला. खचलो होतोच. पण त्यापेक्षा मला हे दिसत होतं की मी गप्प बसलो तर सगळं निभून जाईल. कागद जाईल, चौकशी होईल, ती डॉक्टर पोरगी म्हणेल मी सांगितलं होतं, तिचं कोण ऐकतं. आणि माझी मुलगी मला जेवलात काय, औषध घेतलं काय, असं रोज फोनवर विचारत राहील. तिच्याशिवाय आता मला विचारणारं कोणी नाही. खरं सांगितलं तर ते राहील की नाही, कोण जाणे. मधाच्या पोळ्यावाल्याच्या भावाला मी कधीच काही सांगितलं नाही, आणि तो मरेपर्यंत मला राम राम करत होता.

सकाळी उठलो. जावई आंघोळीला गेला होता, कागद घडी करून त्याच्या शर्टाच्या खिशात होता. सुजाता मागच्या ओट्यावर बसली होती. मी तिच्यापासून हातभर दूर बसलो.

म्हटलं, "सुजा, डॉक्टरणीनं मले दोन गोष्टी सांगितल्या होत्या. तुले मी एकच सांगितली."

ती माझ्याकडे पाहू लागली.

"स्टेबल आहे म्हणली, अन् जवळच्या माणसाईले बोलवा म्हणली. उशीर करू नका म्हणली. तिनं काई लपवलं नाई. मी लपवलं."

ती म्हणाली, "तुमाले त त्या शब्दाचा अर्थ मालूम होता ना बाबा. लहानपणापासून आयकून राह्यली मी."

"मालूम होता."

"मग काऊन?"

मी जे वर लिहिलं आहे ते तिला सांगायचा प्रयत्न केला. नीट जमलं नाही. पेपर म्हटलं, बंगाली बुढा म्हटलं, मग थांबलो. म्हटलं, माझ्या तोंडून निघालं नाही. आत जाऊन मी शर्टाच्या खिशातून तो कागद काढून आणला आणि तिच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, द्यायचाच असेल तर डॉक्टरणीच्या जागी माझं नाव टाका.

तिनं कागदाला हात लावला नाही. विचारलं, "माय वाट पाहत होती काय माही?"

याला नाही म्हणणं फार सोपं होतं. झोपेतच होती, तिला काही समजत नव्हतं, असं मी तीस वर्षांत किती लेकरांना सांगितलं आहे. त्यात मला कधी पाप वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण ती बाकीच्यांची लेकरं होती.

म्हटलं, "पाहत होती. तू गाडीत बसली म्हणून मीच सांगितलं होतं तिले. मंग ते म्हणली, दरवाजाकडे तोंड करून द्या. मी करून देलं."